मिठाईच्या बरणीतला समुद्र

सूक्ष्मदर्शक आणि लिहिण्याचे टेबल यांच्यात वर्षानुवर्षे वाकून बसल्याने फिलिप हेन्री गॉसची प्रकृती पार बिघडली होती. डोके दुखायचे, अन्न पचायचे नाही, कामात मन लागायचे नाही. १८५२ च्या जानेवारीअखेर या एकेचाळीस वर्षांच्या निसर्ग-लेखकाने पत्नी एमिली आणि दोन वर्षांचा मुलगा एडमंड यांना बरोबर घेतले आणि हवापालटासाठी लंडन सोडून इंग्लंडच्या नैऋत्येकडील डेव्हनचा किनारा गाठला. खरे तर विश्रांतीच घ्यायची होती. पण ओहोटीला उघडे पडणारे खडक समोर दिसत असताना गॉस खुर्चीत बसून राहणारा नव्हता. गुडघाभर पाण्यात उतरून, दगडाखाली हात घालून तो रोज काही ना काही घेऊन यायचा. प्रकृती सुधारली. आणि आज घराघरांत, दवाखान्यांच्या प्रतीक्षा-खोल्यांत, हॉटेलांत जी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी दिसते, तिची सुरुवात बऱ्याच अंशी या हवापालटातून झाली.

गॉसचा जन्म १८१० चा, वूस्टर गावचा. वडील गावोगाव फिरून लोकांची छोटी चित्रे काढणारे चित्रकार. पैसा कधीच टिकला नाही, पण बारीक कुंचला धरण्याची कला मुलाकडे आली. बालपण पूल या बंदरगावात गेले. तिथे सुझन बेल नावाची त्याची आत्या होती. किनाऱ्यावर सापडणाऱ्या प्राण्यांची नावे तिनेच त्याला शिकवली आणि समुद्रफूल भांड्यातल्या समुद्राच्या पाण्यात ठेवून पाहायलाही तिनेच सुचवले. तिचा मुलगा टॉमस, म्हणजे गॉसचा आतेभाऊ, पुढे नामांकित प्राणिशास्त्रज्ञ झाला. घरातल्या एका बाईच्या कुतूहलातून दोन शास्त्रज्ञ निघाले, याची नोंद सहसा कुणी घेत नाही.

सतराव्या वर्षी गॉस कारकून म्हणून न्यूफाउंडलंडला गेला. पुढे कॅनडात शेती करून पाहिली, ती फसली. अमेरिकेत अलाबामा राज्यात काही महिने शाळा चालवली. १८४४ ते १८४६ जमैकात पक्षी आणि कीटक गोळा केले. या साऱ्यातून हाती लागला तो एकच धंदा, निसर्गावर पुस्तके लिहिण्याचा. माणूस कमालीचा धार्मिक. प्लिमथ ब्रदरन या कडव्या ख्रिस्ती पंथात तो वावरत असे आणि एमिलीची भेटही तिथलीच. निसर्ग पाहणे हा त्याच्या लेखी उपासनेचाच भाग होता.

त्या काळात समुद्री प्राणी घरी जिवंत ठेवणे जवळपास अशक्य समजले जाई. बादलीतून आणलेले समुद्रफूल दोन-तीन दिवसांत मलूल होई, पाण्याला वास येई, सगळे फेकून द्यावे लागे. उपाय एकच, रोज ताजे समुद्राचे पाणी. ज्यांना ते परवडत नसे, त्यांना हातांचे कष्ट आले. अ‍ॅना थिन या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्कीहून प्रवाळे लंडनला नेली. ती जगवण्यासाठी पाणी रोज उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात, उंचावरून ओतावे लागे, अर्धा-पाऊण तास. हे काम अर्थात बाईसाहेबांचे नव्हते, मोलकरणीचे होते. त्या मोलकरणीचे नाव इतिहासात राहिले नाही, पण हवा मिसळण्याचा पहिला पंप तीच. पुढे थिनबाईंनी पाण्यात समुद्रशैवाल घातले आणि काम बरेच हलके झाले.

दुसरीकडे लंडनच्या औषधनिर्मात्यांच्या संस्थेत काम करणारा रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन गोड्या पाण्यावर प्रयोग करत होता. बारा गॅलनच्या काचपात्रात दोन छोटे मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी. वनस्पती प्राणवायू देते, मासे कार्बन डायऑक्साइड देतात, गोगलगायी कुजणारी पाने खातात. १८५० मध्ये त्याने हे जाहीर केले. त्या पात्राच्या तळाशी त्याने चुनखडीचे आणि वालुकाश्माचे दगड ठेवले होते आणि ते असे रचले होते की माशांना वाटेल तेव्हा खाली शिरता यावे. दगडांच्या रचनेकडे शोभा म्हणून नव्हे, तर राहण्याची सोय म्हणून पाहण्याचे हे सुरुवातीचे उदाहरण.

मे १८५२ मध्ये डेव्हनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या इल्फ्राकूम गावी गॉसने हाच हिशेब खाऱ्या पाण्याला लावला. त्याच्याकडे टाकी नव्हती. मिठाईवाल्याच्या दुकानात माल मांडतात तसली काचेची उभी बरणी त्याने घेतली. खोली दहा इंच, रुंदी साडेपाच इंच. तिच्यात तीनेक पाइंट, म्हणजे पावणेदोन लिटरच्या आसपास समुद्राचे पाणी. इतक्या अरुंद भांड्यात समुद्र वसवायचा, म्हणजे पहिला प्रश्न जागेचा आणि दुसरा श्वासाचा.

इथे गॉसची हातोडी आणि छिन्नी कामाला आली. समुद्रशैवालाला झाडासारखी मुळे नसतात. ते मातीतून काही शोषत नाही, नुसते खडकाला घट्ट चिकटून असते. ओढून काढले की तळाची पकड फाटते आणि ते सडू लागते. म्हणून गॉसने शैवाल उपटलेच नाही. ज्या खडकावर ते वाढले होते, त्याचीच ढलपी त्याने छिन्नीने फोडली आणि ढलपीसकट शैवाल बरणीत ठेवले. त्या ढलपीबरोबर बारीक किडे, स्पंजाचे तुकडे, नळीत राहणाऱ्या अळ्या, डोळ्यांना न दिसणारे कितीतरी जीव आपोआप आत आले. मग प्राणी सोडले. आठवड्यामागून आठवडे गेले, पाणी बदलले नाही, तरी ते स्वच्छ राहिले.

गॉसचे स्पष्टीकरण वॉरिंग्टनचेच होते: शैवाल प्राणवायू देते म्हणून प्राणी जगतात. ते खरे होते, पण अर्धेच. प्राण्यांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया सुटतो. तो अगदी थोडा साचला तरी मारक ठरतो. दगडाच्या खडबडीत पृष्ठभागावर राहणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग त्याहून बरेच निरुपद्रवी नायट्रेट करतात. दगड सच्छिद्र असेल तर त्याच्या गाभ्यात, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले दुसरे जीवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. शैवालही काही अमोनिया शोषते. पण बरणीतले मुख्य सफाई कामगार त्या ढलपीवरच बसून आले होते. गॉसला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. सेर्गेई विनोग्रॅड्स्कीने हे काम करणारे जीवाणू वेगळे काढून दाखवले ते १८९० मध्ये, गॉसच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. हाताने मात्र तो बरोबर तेच करत होता: दगड आणायचा तर त्याच्या अंगावरच्या वस्तीसकट.

त्याच उन्हाळ्यात इल्फ्राकूमच्या खडकांत त्याला तांबड्या-सोनेरी रंगाचे एक इवलेसे प्रवाळ सापडले. इंग्लंडच्या थंड पाण्यात प्रवाळांच्या भिंती होत नाहीत. तिथली प्रवाळे एकेकटी, नखाएवढी, कपारीच्या सावलीत चिकटलेली असतात. गॉसने ती खडकासकट कोरून काढली, घरी जगवली, त्यांचे शुंडक उलगडताना तासन्‌तास पाहिले आणि रंगवले. बॅलनोफिलिया रेजिया या त्या प्रवाळाच्या शास्त्रीय नावापुढे आजही गॉसचे नाव लागते.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने मे १८५३ मध्ये मत्स्यगृह उघडले. जगातले हे पहिले सार्वजनिक मत्स्यालय. त्यासाठी प्राणी आणि शैवाल पुरवायला गॉस वेमथच्या किनाऱ्यावर जाऊन राहिला. १८५४ मध्ये त्याचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आले, त्याने स्वतः काढलेल्या रंगीत चित्रांसह. तोवर लोक अशा टाकीला ‘व्हिव्हॅरियम’ वगैरे म्हणत. ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ झाला तो गॉसमुळे. पुस्तक तडाखेबंद खपले. वेळही जुळून आली होती. काचेवरचा कर १८४५ मध्ये रद्द होऊन काच स्वस्त झाली होती आणि आगगाडीमुळे किनारा शहराच्या जवळ आला होता.

आता बरणीच्या जागी चौकोनी टाक्या आल्या आणि दगड रचण्याची कला खरी कसाला लागली. अरुंद टाकीची अडचण अशी की पाण्याचा हवेशी संबंध फक्त वरच्या पृष्ठभागावर येतो. भांडे जितके उंच आणि अरुंद, तितकी श्वास घ्यायची खिडकी लहान. त्यात दगडांची गच्च भिंत मागच्या काचेला टेकवून उभी केली की तिच्यामागचे पाणी हलतच नाही. तिथे गाळ साचतो, एखादा खेकडा मरून पडला तर दिसत नाही, आणि दोन दिवसांत सगळी टाकी नासते. म्हणून दगड कमी आणि मोठे घ्यावेत, एकमेकांना मोजक्या ठिकाणीच टेकवावेत, खाली कमानी आणि मागे फट ठेवावी. समोर आणि बाजूंना काच पुसायला हात जाईल एवढी जागा हवी. उंची ठेवायची तर मागच्या बाजूला, मधोमध नको, नाहीतर टाकीचे दोन कप्पे पडतात. आणि दगड वाळूवर नव्हे, तळावर नीट बसवून मग भोवती वाळू घालावी. बिळे करणारे प्राणी वाळू उकरतात आणि वर रचलेला डोंगर काचेवर कोसळतो. आज तीस सेंटीमीटर रुंदीची टाकी मांडणाऱ्यालाही यातले काही चुकत नाही.

प्रकाशाचाही प्रश्न होता. समुद्रात उजेड वरून येतो, खिडकीतल्या टाकीत तो बाजूने येतो. वॉरिंग्टनने यावर तोडगा म्हणून मागची बाजू उतरती केलेली टाकी काढली. दगड त्या उतारावर टेकत, पाण्याचा पृष्ठभाग रुंद राही आणि उजेड वरून पडे. काचेवर हिरवा थर चढे, तो खायला गॉस छोट्या समुद्री गोगलगायी सोडत असे. त्या काचेवरून कशा चरतात, हे त्याने भिंगाने पाहून मोठ्या तब्येतीत लिहिले आहे. तांबड्या शैवालांना उघडा उजेड मानवत नाही. ती समुद्रातही कपारींच्या सावलीत वाढतात, तेव्हा टाकीतही त्यांना तशीच सावली लागे.

किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठी त्याने १८५४ मध्येच कृत्रिम समुद्रजल बनवले. सुमारे साडेचार लिटर पाण्यात साधे मीठ साडेतीन औंस, एप्सम मीठ पाव औंस, मॅग्नेशियम क्लोराइड दोनशे ग्रेन आणि पोटॅशियम क्लोराइड चाळीस ग्रेन. समुद्रात असलेला चुना त्याने यादीतून गाळला. तळाशी टाकलेले शंख-शिंपले आणि प्रवाळांचे तुकडे तो पुरवतील, असा त्याचा कयास होता. म्हणजे तळाचा दगडही पाण्याच्या रसायनात सामील होता.

१८५६ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सदस्यत्व दिले. त्याच वसंतात एमिलीला छातीत गाठ लागली. तेव्हा स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया होत असे आणि भूल देण्याची सोयही आली होती. पण जंतुनाशनाची कल्पना अजून दहा वर्षे दूर होती आणि शस्त्रक्रियेचे निकाल भीतिदायक होते. गॉस दांपत्याने लंडनमध्ये आलेल्या जेसी फेल या अमेरिकन डॉक्टरकडे उपचार घेतले. ब्लडरूट या वनस्पतीचा अर्क आणि झिंक क्लोराइड यांचा लेप लावून गाठ जाळून काढायची, अशी त्याची पद्धत. महिनोन्‌महिने हा दाह सोसून रोग गेला नाहीच. फेब्रुवारी १८५७ मध्ये एमिली वारली. तेव्हा एडमंड सात वर्षांचा होता. तिच्या शेवटच्या दिवसांची हकीकत गॉसने त्याच वर्षी छापली. याच दोन घटकांचे लेप ‘ब्लॅक सॅल्व्ह’ या नावाने अजूनही विकले जातात. ते निरोगी कातडीही जाळतात आणि वरून जखम भरली तरी खाली कर्करोग वाढत राहू शकतो, म्हणून त्यांच्यापासून लांब राहणेच शहाणपणाचे.

पत्नी गेली त्याच वर्षी गॉसने ‘ओम्फॅलोस’ हे पुस्तक काढले. ईश्वराने पृथ्वी जीवाश्मांसकट, जुनी दिसेल अशीच निर्माण केली, हा त्यातला युक्तिवाद. शास्त्रज्ञांनी तो झिडकारला, धर्माच्या लोकांनाही तो रुचला नाही. ज्या माणसाचे डोळे समुद्रफुलाच्या एकेका शुंडकाबद्दल इतके प्रामाणिक होते, त्याने खडकातल्या पुराव्यापुढे डोळे मिटावेत, हे चमत्कारिक खरे. दुःखी आणि एकाकी गॉस मुलाला घेऊन टॉर्कीजवळ सेंट मेरीचर्चला कायमचा राहायला गेला. पुन्हा ओहोटीचे वेळापत्रक, पुन्हा छिन्नी. १८५८ ते १८६० मध्ये ब्रिटिश समुद्रफुले आणि प्रवाळे यांवरचा त्याचा मोठा ग्रंथ आला. आजही तो संदर्भासाठी उघडला जातो.

पण तो किनारा आता पूर्वीचा राहिला नव्हता. ‘द अ‍ॅक्वेरियम’ वाचून हजारो लोक हातोड्या आणि बरण्या घेऊन समुद्रावर उतरले होते. सुट्टीला आलेली कुटुंबे, टाक्यांचे व्यापारी, हौशी संग्राहक. प्रत्येकाला शैवालाची एक सुंदर ढलपी हवी, एक समुद्रफूल हवे. घरी नेलेल्यातले बहुतेक आठवड्याभरात मरत आणि मग दुसरे आणायला माणसे परत किनाऱ्यावर. शैवाल उपटले तर निदान खडक राहतो आणि तिथे पुन्हा काही उगवते. खडकच फोडून नेला तर वस्तीची जागाच जाते. एकेकट्या प्रवाळांना पुन्हा त्या कपारीत बस्तान बसवायला किती तरी वर्षे लागतात. म्हणजे टाकी जगवण्याची जी खरी किल्ली गॉसला सापडली होती, तिनेच डबकी ओसाड केली.

मोठेपणी नामवंत लेखक झालेल्या एडमंडने १९०७ मध्ये ‘फादर अँड सन’ या आठवणींत हे लिहून ठेवले आहे. वडिलांबरोबर लहानपणी पाहिलेल्या फुलबागेसारख्या डबक्यांची पुढे संग्राहकांच्या फौजांनी कशी धूळधाण केली, आणि आपल्याच पुस्तकांमुळे हे झाले हे कळल्यावर वडील कसे कष्टी झाले, हे त्यात येते. गॉसने हौशी लोकांना दोष दिल्याचे दिसत नाही. दिला असता तरी तो शोभला नसता.

टाक्यांचे वेड १८६० च्या दशकात ओसरले. गॉसने दुसरे लग्न केले, ऑर्किडे वाढवली, सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा बारीक जलचर पाहिले आणि म्हातारपणी ताऱ्यांचा नाद धरला. हिवाळ्याच्या एका रात्री उघड्या खिडकीतून दुर्बीण लावून बसला आणि छातीत कफ धरला. त्यातून तो पुरता सावरला नाही. २३ ऑगस्ट १८८८ रोजी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्याचे निधन झाले.

वस्तीसकट दगड आणण्याची युक्ती विसाव्या शतकात पुन्हा वर आली. जकार्ताच्या ली चिन एंग याने १९६१ मध्ये लिहिले, की समुद्रातले जिवंत दगड आणि थोडे हवेचे बुडबुडे एवढ्यावर आपली प्रवाळांची टाकी गाळणीशिवाय चालते. पुढे या ‘लाइव्ह रॉक’चा जगभर मोठा व्यापार झाला आणि डेव्हनची गोष्ट उष्ण कटिबंधातल्या प्रवाळ-भिंतींवर पुन्हा घडू लागली. भारतात प्रवाळ-भिंती बांधणारी प्रवाळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला आहेत. मालवणच्या समुद्रातून प्रवाळ चिकटलेला दगड घरच्या टाकीसाठी काढून आणणे हा गुन्हा आहे, प्रवाळ मेलेले असले तरी.

त्याची गरजही उरलेली नाही. कोरडा सच्छिद्र दगड किंवा भाजलेल्या मातीचे तुकडे यांवरही तेच जीवाणू वस्ती करतात. सिमेंटचे साचे घालून दगड केले असतील तर आधी काही आठवडे पाणी बदलत भिजवावे लागतात, कारण ओल्या सिमेंटातला चुना पाणी फार अल्कधर्मी करतो. मग रिकाम्या टाकीत दगड रचायचे, खारे पाणी भरायचे, अमोनियाचा एक माफक स्रोत द्यायचा आणि चाचणी संचाने मोजत राहायचे. अमोनिया आधी चढतो, मग उतरतो. नायट्राइट चढते, मग तेही उतरते. दोन्ही शून्यावर यायला साधारण महिना-दीड महिना लागतो. तोवर टाकीत मासा सोडायचा नसतो.